भंगार मिक्स

परभणीच्या डीजेचा इतिहास लिहायला आलात म्हणता? बरं झालं. बसा. ती खुर्ची नका घेऊ, तिचा पाय मोडलेला हाय, इकडं बाजेवर बसा. चहा टाकलाय. एक आधीच सांगून ठेवते, मधीमधी 'हो का, हो का' करत मान डोलवू नका, माझं डोकं फिरतं त्यानं. आन् मी सांगते तसंच लिहा. गोड करून लिहायचं असंल तर पप्पूकडं जा. तो फोटो बी देईल, पोस्टर बी देईल, वरून कोल्ड्रिंक पाजंल.

मी धम्मशीला. इथल्या अंगणवाडीत मदतनीस हाय. बाहेर ओट्यावर बसलेत ते माझे मालक, लिंबाजी. डीजे लिंबा म्हणलं की परभणीपासून पालमपर्यंत कुणी बी वळखायचं. आता वेगळ्या नावानं वळखतेत. तेच सांगायलेय.

ह्या ताडकळसमधी लग्नाला बँड आन् मंडपवाल्याचा कर्णा, एवढंच व्हतं, तवा मालकायची बाजारात टपरी व्हती, कॅसेट भरून द्यायची. दोन टेप शेजारी ठेवायचे आन् एकातलं गाणं संपायच्या आत दुसऱ्यातलं सुरू करायचे. पेन्सिल घालून रीळ बरोबर जागेवर आणून ठेवायची, मधी खंड पडू द्यायचा न्हाई. लोक गाणं ऐकायला कमी आन् त्यायचे हात बघायला जास्त यायचे. मग सीड्या आल्या, मग हैदराबादहून मिक्सर आणला, रेल्वेत मांडीवर घेऊन, लेकरू आणल्यासारखा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या पोरायनं गॅदरिंगला बोलावलं. बाहेरगावची पोरं, आधी नाकं मुरडायली, मग अशी नाचली की मंडपाचा खांब हालला. तिथून परभणीत नाव झालं. लॉन, मंगल कार्यालय, गणपती, जयंती, जिथं तिथं डीजे लिंबा.

पालमच्या एका हलगीवाल्याला आणून ह्याच खोलीत बसवला, त्याचा ठोका कॉम्प्युटरमधी भरला आन् बीटखाली घातला. आज गावोगाव परभणी ठोका म्हणून जे वाजतंय ते हेच. आन् सगळ्यात मोठी करामत म्हणजे थांबा. गाणं भर रंगात आलं की एकदम सगळं बंद करायचं. बेस बंद, हलगी बंद. मिरवणुकीतले सगळे हात वर करून गप उभे. तेवढ्या वेळात माणसाला सोताचा श्वास ऐकू यायचा. मग एकदम सोडायचं सगळं. मी कधी नाचले न्हाई, आमच्यात बायका तवा नाचत नव्हत्या, पण त्या थांब्याला माझ्या बी अंगावर काटा यायचा. खोटं कामून बोलू.

त्याच बेसच्या डब्यायनं, मोठाल्या स्पीकरनं, त्यायचे कान खाल्ले. ट्रकवर बेसच्या डब्याला पाठ लावून उभं राहायचं, वर्षानुवर्षं. आधी म्हणायचे फोनच खराब हाय. मग म्हणायचे लोक आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतेत. एक दिवस मी मागून हाक मारली, परत मारली, माणूस ढिम्म हलंना, तवा मला कळलं. डॉक्टरकडं चला म्हणलं तर अंगावर आले. डीजेनं कानात मशीन घातली तर त्याला वरात कोण देईल, म्हणले. तेबी खरंच व्हतं म्हणा.

मग ते तोंड वाचायला शिकले. कुणी शिकवलं न्हाई, आपोआप. समोरच्याचे ओठ हलले की त्यायला कळायचं. माणसाला ओढून उजेडात उभं करायचे, मिशावाल्यावर चिडायचे, पान चघळत बोलणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. बाहेरच्यायला वाटायचं लिंबाजीला लय मिजास आली. वाटू द्या. बहिरा म्हणून घेण्यापरीस मिजासखोर बरा. पण गाव ते गाव, हळूहळू कळलंच. आन् कळल्यावर लोक काय करतेत? मागून शिव्या देऊन बघतेत. चांगल्या घरातले बी. मालक पुढं चाललेत आन् मागं चार जण त्यायच्या आईवरून बोलायलेत आन् खिदळायलेत. मी दिसले की गप व्हायचे. माझ्या तोंडाला गाव भितं ते तवापासून. मी एकेकाला त्याच्या दारात जाऊन धुतलाय.

आता पप्पू. पप्पू म्हणजे मालकायच्या बहिणीचा पोरगा, पालमचा. बाप गेल्यावर शाळेसाठी आमच्याकडं आणला. माझ्या लेकीच्या, सविताच्या ताटात जेवला तो. तिला ताप आला की हा उशाशी बसायचा, असलं पोरगं. मालकायनं त्याला वायर जोडायला शिकवलं, बीट बसवायला शिकवलं. आज त्याचा सोताचा ट्रक हाय, भिंतीएवढा टीव्ही, लेझर, धूर, समदं हाय. पोरगं वर आलं, मला काय वाईट वाटायचं कारण न्हाई. पण मालकायची एक खोड. पप्पूचा ट्रक दिसला की समोर जाऊन चार लोकायत सांगायचे, ह्याला मी शिकवलं, ह्याला प्लग कुठं घालावा ते बी कळत नव्हतं. पप्पू हसायचा. ते हसणं मला कधीच बरं वाटलं न्हाई.

यंदाची जयंती झाली आन् पप्पूनं काढलं की मामाचा सत्कार करायचा. परभणी जिल्ह्याचे पहिले डीजे, म्हणून बॅनर लावलं बाजाराच्या मैदानात. त्यावर मालकायचा जवानीतला फोटो. मला म्हणला, मामी, मामाला सांग, एक गाणं वाजवायचं हाय, जुनी मशीन घेऊन या म्हणावं. मालकायनं ती मशीन धुऊन पुसून लख्ख केली. पांढरा शर्ट मला परत परत इस्त्री करायला लावला. कितीतरी दिवसांनी माणूस आरशासमोर उभा राहिलेला बघितला मी.

हे जरा नीट लिहून घ्या. डीजेच्या ट्रकवर खाली मोठे डबे असतेत, ते बेसचे, ते छातीत वाजतेत. वर बारके डबे असतेत, गाणं, आवाज, शब्द सगळे त्यातून येतेत. पप्पूनं खालचे डबे मामाच्या मशीनला जोडले आन् वरचे आपल्या लॅपटॉपला. म्हणजे मालकायच्या छातीत त्यायचाच बेस वाजणार, त्यायला वाटणार आपलं गाणं चालू हाय. वरून काय वाजायलंय ते त्यायला कळायचं काही कारणच न्हाई.

ऊन उतरलं व्हतं. मैदान भरलेलं. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. मालक ट्रकवर चढले, मशीनवर हात ठेवला. बेस सुरू झाला, तोच जुना परभणी ठोका. माझे डोळे भरून आले, खरं सांगते. आन् वरून आवाज आला, भंगाऽर, भंगार द्या, जुना कूलर, जुना टीव्ही, बंद पडलेली मोटार, फुटका टब, भंगाऽर. बाजाराच्या दिवशी रिक्षाला भोंगा लावून फिरतेत ना, ती टेप. मला आधी वाटलं खरंच एखादा भंगारवाला मधी घुसला. मी मान वळवून रिक्षा शोधायले. मग बघितलं तर पप्पू लॅपटॉपवर वाकलेला, खांदे हलायलेत हसून हसून.

लोकायला समजायला येळ लागला न्हाई. असे नाचले, असे नाचले. एकानं रिकामं पोतं खांद्यावर घेतलं आन् भंगार गोळा केल्यासारखा नाचायला. बाया तोंडाला पदर लावून हसायल्या. सगळ्यायचे मोबाइल वर. आन् मालक वर उभे, फेटा बांधलेला, गर्दी नाचताना बघून ते बी हात वर करायलेत. मग त्यायनं थांबा घेतला. बेस बंद, हलगी बंद. आन् त्या शांततेत नुस्ती ती टेप, भंगाऽर. सगळं मैदान एका तोंडानं वरडलं, भंगाऽर. लहान लेकरं बी वरडली. माझ्या अंगणवाडीतली लेकरं, ज्यायला मी खिचडी वाढते.

तुमी म्हणाल, तू वर जाऊन बंद कामून केलं न्हाई. सगळेच म्हणतेत. वर जाऊन काय करणार व्हते? एवढ्या माणसात नवऱ्याचे कान दाखवणार व्हते? जे आयुष्यभर झाकलं ते मीच उघडं करायचं व्हतं का? मी दात खाऊन उभी राहिले. गाणं संपल्यावर पप्पूनं मामाच्या पाया पडून फोटो काढला.

घरी आल्यावर मालकायनं दारात चपला काढल्या, मला ट्यूबखाली बोलावलं आन् इचारलं, कसं वाजलं? अंगावर शाल तशीच, फेट्याचा शेमला खांद्यावर. तुमी असता तर काय सांगलं असतं? मी म्हणलं, लय चांगलं वाजलं. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग शालीची घडी घातली आन् जेवायला बसले.

व्हिडिओ सगळीकडं गेला. भंगार मिक्स म्हणून नाव पडलं. परभणीत, नांदेडात, कुठं कुठं पोरं त्यावर नाचून आपापले व्हिडिओ टाकायली. तो मालकायच्या मोबाइलवर बी आला, आन् इथून माझा जीव टांगणीला लागला. मालक दिवसभर तोच बघायचे. आवाज पूर्ण वाढवलेला, त्यायला काय कळतंय. इथं मी भाकरी थापायलेय आन् तिथं भंगाऽर, भंगाऽर. आन् घरात बघून भागंना. चहाच्या हाटेलात दाखवायचे, दूधवाल्याला दाखवायचे, एसटीत शेजारी बसलेल्याला दाखवायचे. हे बघा, माझा सत्कार झाला, म्हणायचे. मोबाइल त्याच्या हातात देऊन आपण समोर उभं राहायचे आन् त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. मला वाटायचं कौतुकाची हाव सुटली माणसाला.

लोक तर काय, सोन्याहून पिवळं. मुद्दाम दारावर यायचे. लिंबाजी भाऊ, दाखवा की तो व्हिडिओ, आमच्या पाव्हण्यानं बघितला न्हाई. बघायचे, ओठ दाबून धरायचे, भारी हाय म्हणायचे, आन् कोपऱ्यावर गेल्यावर पोट धरून बसायचे. शाळेतले हेडमास्तर बी आले. शिकलेला माणूस, बघितला, म्हणला, गावाचं नाव काढलंत. मी भांडी आपटली तर मलाच म्हणला, वहिनी, मनावर घेऊ नका, ते खूष हायत ना? हे वाक्य तर मी इतक्या तोंडून ऐकलं की मला वकारी यायची. ते खूष हायत ना.

माझी लेक सविता पालमला दिलीय. तिचा फोन आला, व्हिडिओ कॉल. रडायली. म्हणली, आई, बाबाला सांग, मला न्हाई सांगवत. मी म्हणलं, सांगते. तेवढ्यात मालक मागून आले, मोबाइलमधी वाकून बघितलं. तिनं डोळे पुसून हसून दाखवलं. सांगते सांगते म्हणत दिवस गेले. खूष माणसाला कसं सांगावं? पंधरा वर्षं त्यायला असं हसताना बघितलं नव्हतं मी. मला वाटलं, निवंल आपोआप. लोकायला दुसरं काय तरी मिळंल हसायला.

निवलं न्हाई. परभणीहून गाडी आली. उतरला तो आदिनाथ, दाढी कोरलेला, बोलणं लय मऊ. वसमत रोडला त्यानं क्लब काढलाय म्हणे. आधी सोयाबीनचं गोदाम व्हतं, आता भिंती काळ्या केल्या, लाइटा लावल्या. दारू न्हाई, कॉफी मिळती, पण नाचायचं मुंबईसारखं. उद्घाटनाला कार्यक्रम ठेवलाय, परभणी बीटचा इतिहास. आन् इतिहास म्हणलं की पहिला डीजे पाहिजेच. मालकायनं लगेच हो म्हणलं. शर्ट कोणता घालू, ते बी इचारलं.

जाताना तो आदिनाथ दारात माझ्याजवळ थांबला. मालकायकडं पाठ केली. बघा, त्याला बी कुणीतरी सांगून ठेवलं व्हतं, तोंड दिसू द्यायचं न्हाई म्हणून. हळूच म्हणला, काकू, तोच आयटम पाहिजे, भंगारवाला. पब्लिक त्यासाठीच येणार आहे. पप्पूला मी सांगितलंय. मी त्याला काय काय बोलले ते तुमी लिहू नका. तो हसत गाडीत बसला.

तशीच पप्पू ट्रक ठेवतो त्या गोदामावर गेले. म्हणलं, पुरे झालं. गावात केलंस, आता शहरात न्हाई. तो लेझरची वायर गुंडाळायला व्हता. वर न बघता म्हणला, "मामी, तुला एवढं लागायलंय तर तूच सांग की मामाला. तीन आठवडे झाले, तू सांगलं का?" मी म्हणलं, तू तुझ्या बापाच्या जागी असलेल्या माणसाला भंगार म्हणलास. तर म्हणतो, मी न्हाई म्हणलो, टेपनं म्हणलं. आन् मामानं मला आयुष्यभर लोकायत काय म्हणलं ते इसरलीस का. मी एक चप्पल काढली. मारली न्हाई. मारायला पाहिजे व्हती.

घरी आले ते मालकायला सांगायचं ठरवूनच. कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी तोंड उघडंना. दुपारी मालक जायची तयारी करायले. पांढरा शर्ट घातला, बुटाला पॉलिश करायले. गाडी यायला थोडाच अवकाश व्हता. मी दार लावलं, ट्यूब लावली, त्यायच्या समोर पाटावर बसले. म्हणलं, माझ्याकडं बघा. बघितलं.

म्हणलं, "त्या दिवशी तुमचं गाणं वाजलंच न्हाई. पप्पूनं वरून भंगारवाल्याची टेप लावली व्हती. लोक तुमाला हसायले व्हते. आज बी त्यासाठीच बोलवायलेत. जाऊ नका."

मालकायनं ब्रश खाली ठेवला न्हाई. बूट फिरवून टाचेला पॉलिश लावलं. म्हणले, "माहीत हाय."

कधीपासून, म्हणलं.

"तिथंच. ट्रकवरच. थांबा घेतला तवा सगळी तोंडं माझ्यासमोर व्हती. सगळी एकच शब्द म्हणायली. मी तोंड वाचून जगतो, हे कुणाच्याच ध्यानात न्हाई का आलं?"

खरंच न्हाई आलं. गावाच्या न्हाई, पप्पूच्या न्हाई, माझ्या बी न्हाई. ज्या बाईनं घरात उजेडाची जागा बघून बोलायची सवय लावून घेतली, तिच्या बी न्हाई. सगळ्यायला ह्यायचे कान तेवढे आठवले.

मी म्हणलं, मग तो व्हिडिओ दाखवत कामून फिरलात दारोदार? तर म्हणले, कोण सांगतंय ते बघायला. एवढं मोठं गाव, एकजण तरी म्हणंल, लिंबाजी, बंद कर, हे तुला हसायलेत. चहावाल्यानं न्हाई सांगलं. दूधवाल्यानं न्हाई. हेडमास्तरनं न्हाई. लेक रडायली ती मला बघून हसायली, पण तिनं बी न्हाई. शांतपणे सांगायले, हिशेब दिल्यासारखं. मला वाटलं आता तरी थांबावं. थांबले न्हाईत.

"आन् त्या सगळ्यायच्या आधी तुला इचारलं मी. ह्याच ट्यूबखाली. तू म्हणलीस, लय चांगलं वाजलं. इतकं साफ तोंड करून तू आजपर्यंत कधी बोलली नव्हतीस माझ्याशी."

मी म्हणलं, तुमच्यासाठीच खोटं बोलले. तुमचं मन मोडू नये म्हणून. तुमीच तर आयुष्यभर झाकायला लावलं. डॉक्टरकडं न्हाई, मशीन न्हाई, कुणाला कळू द्यायचं न्हाई. मग मी झाकलं तर माझं काय चुकलं? जोरजोरात बोलायले, जसं काय जोरात बोलल्यानं त्यायला जास्त कळणार हाय. ते बुटाची नाडी बांधायले. मग एकदाच वर बघितलं. म्हणले, पप्पूनं केलं ते हजार लोकायत केलं, मला दिसंल असं केलं. तू घरात केलंस. तेवढंच. बाहेर हॉर्न वाजला. तो त्यायला ऐकू आला न्हाई, मीच दाराकडं बोट केलं. अजून बी मला कळत न्हाई मी बोट कामून केलं.

वाटलं व्हतं, तिथं जाऊन पप्पूची गचांडी धरतील. न्हाईतर मशीन फोडून परत येतील. मी देव मानत न्हाई, पण त्या दिवशी कुणाला तरी मनातल्या मनात म्हणले, फोडू दे. मी गेले न्हाई. मोबाइलवर बघितलं. काळ्या भिंती, निळा उजेड, चांगल्या घरातली पोरंपोरी. आदिनाथनं सांगितलं, हे परभणीचे पहिले डीजे. आन् मालक आले ते खांद्यावर पोतं घेऊन. पांढऱ्या शर्टावर पोतं. माईक घेतला आन् सोताच हाळी दिली, भंगाऽर. तुमी बहिऱ्या माणसाला गाणं म्हणताना ऐकलंय का? आवाज वर जात न्हाई, खाली येत न्हाई, सपाट, उगाच मोठा. पोरायला तेच आवडलं. येडे झाले. पप्पू बाजूला उभा व्हता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालतं. त्याला टेप लावायची गरजच उरली न्हाई.

आता दर शनिवारी असतंय. लातूरला झालं, नांदेडला झालं, औरंगाबादला दोनदा. पोस्टरवर नाव, डीजे भंगार. पप्पू गाडी चालवतो, पोतं बी तोच धरतो. लोक मला रस्त्यात म्हणतेत, धम्मशीलाबाई, नशीब काढलं मालकायनं ह्या वयात. परभणी ठोका कुणी इचारत न्हाई. थांबा कुणी इचारत न्हाई. तुमीच पहिले इचारायला आलात, आन् तुमी बी आधी तो व्हिडिओ बघूनच आलात, खोटं बोलू नका.

तर हा इतिहास. पुढं त्यायलाच इचारा, मशीनचं, हैदराबादचं, हलगीवाल्याचं. सगळं सांगतील, लय चांगलं सांगतील. समोर बसा, तोंडावर हात धरू नका. तुमच्याशी बोलतील. गावातल्या कुत्र्याशी बी बोलतेत. चला, चहा झालाय, मी हाक मारते. मागून न्हाई, समोर जाऊन मारते. तुमी दारातून बघा नुस्तं.

"अहो. परभणीहून पाव्हणे आलेत."

बघितलंत? आधी तोंडाकडं बघितलं, माझंच हाय म्हणून खात्री केली, आन् डोळे मिटले. उन्हानं मिटले असतील म्हणता? इथं सावली हाय. मी तोंड उघडलं की मिटतेत, क्लबला गेले त्या दिवसापासून. भांडून बघितलं, रडून बघितलं, पाया बी पडले. पाया पडताना बी मिटलेलेच. मी गप झाले की उघडतेत. मला जे सांगायचंय ते ह्या घरात आता कुणालाच सांगता येत न्हाई. या, तुमी असे पुढं या, उजेडात उभं राहा. आन् सांगा त्यायला, धम्मशीला म्हणती, चहा झालाय.